ग्रेडर साहेब गाडी पाहतात

दिग्रसच्या उकंडराव मनवरांनी तीस हंगामांत लाख-दीड लाख बैलबंड्या पाहिल्या असतील. बंडीवाल्याच्या तोंडाकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तसा त्यांचा नियमच होता. ते सहकारी जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची बंडी फाटकातून आत आली की हा माणूस शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर सारायचा आणि वरचा पांढराशुभ्र थर सोडून थेट कोपरापर्यंत हात आत खुपसायचा. तळचा मूठभर कापूस काढायचा, दाबायचा, सोडायचा. फुलून वर आला तर सुका, मुठीतच गोळा होऊन बसला तर ओला. मग दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजली तर ठीक. नाही वाजली, तर बंडीवाल्याने लेकराबाळांच्या शपथा घेतल्या तरी चिठ्ठीवर जे उतरायचं ते उतरायचं, आणि त्या चिठ्ठीवरच भाव ठरायचा.

एकदा लिहिलेला ग्रेड फिरत नसे. पुढाऱ्याचा फोन आला तरी नाही. सख्खा साळा बंडी घेऊन आला, त्याच्या कापसात वाळक्या पानांची पत्ती निघाली, त्यालाही खालचाच ग्रेड मिळाला. साळ्याने पुढे दोन वर्षं बहिणीच्या घरचं पाणी घेतलं नाही. उकंडरावांना त्याचं वाईट वाटलं, पण ग्रेड बरोबर होता असं ते अजून सांगतात. साळा अजून ऐकत नाही.

उकंडा हे नाव ठेवायला कारण घडलं होतं. आधीची तीन भावंडं वाचली नाहीत, म्हणून आजीने जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवलं आणि उचलून आणलं. घाणीत पडलेल्या जिनसेला यम कशाला हात लावतो, असा तिचा हिशेब. हिशेब जमला. पुढे छप्पन साली घराने धम्म स्वीकारला, देव्हारा गेला, गंडेदोरे गेले. नाव बदलायचं मात्र राहून गेलं, कारण तोवर ते शाळेच्या रजिस्टरवर चढलं होतं आणि हेडमास्तरांना खाडाखोड खपत नव्हती. बाप त्याच जिनिंगमध्ये हमाल होता, पाठीवर गठाणी वाहायचा. पोरगा त्याच फाटकात ग्रेडर म्हणून उभा राहिला तेव्हा आधी उकंड्याचा उकंडराव झाला आणि मग साऱ्या तालुक्याचा ग्रेडर साहेब.

ऑक्टोबर २००६च्या अखेरीला, हंगामाच्या तोंडावर, ते रिटायर झाले. शाल मिळाली, भाषणं झाली, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ घरी आलं तेव्हा मथुराबाई म्हणाल्या, "चला, आता तरी तुमाले टाइम भेटला."

ते वर्ष कसं होतं हे सांगायला नको. भाव पडलेला, दिवाळी उलटली तरी सरकारी खरेदीचं फाटक उघडायचं नाव नाही. जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या चाललेल्या, रोज कोणी ना कोणी चौकशीला यायचं. बाहेरून येणाऱ्या गाड्या कॅमेरे घेऊन यायच्या, रडवेले चेहरे टिपायच्या आणि दिवस मावळायच्या आत नागपूरच्या रस्त्याला लागायच्या. जिल्ह्यातून हौसेने बाहेर पडणारी गाडी मात्र कोणी पाहिली नव्हती.

आणि मथुराबाईंना नेमकं तेच हवं होतं.

त्यांचं म्हणणं जुनं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कुठल्याशा तेलगिरणीच्या कॅलेंडरवर कन्याकुमारीचं चित्र आलं होतं. तीन समुद्र एका जागी! इथे एक अरुणावती नदी, तिचंही पाणी मार्चनंतर टिकायचं नाही. "मले थे पाहाचं हाय," असं नव्या सुनेने सांगितलं आणि नव्या नवऱ्याने "पुढच्या हिवाळ्यात जाऊ" म्हणून टाकलं. आता कापसाचा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि गुढीपाडव्याला आटपतो. म्हणजे माणसाने फिरावं असे जेवढे म्हणून महिने आहेत तेवढे सगळे कापूस खातो. उरतो उन्हाळा, आणि यवतमाळच्या उन्हाळ्यात माणूस घराबाहेर पडतो तो फक्त सावली बदलायला. असे चौतीस हिवाळे गेले. हा पस्तिसावा पहिल्यांदाच मोकळा आला होता. पण नागपूरला सून उर्वशीला दिवस गेले होते, मार्चची तारीख होती. एकदा पाळण्याची दोरी हातात आली की मथुराबाई नागपूरच्याच होणार, हे दोघांनाही कळत होतं.

"जानेवारीत निघू," त्या म्हणाल्या. "नाही तं मंग जन्मात नाव काढू नका. मी पण नाही काढणार."

चौतीस वर्षांत त्या भांडल्या असत्या तर उकंडरावांना सोपं गेलं असतं. पण त्या हे फार शांतपणे बोलल्या, आणि उकंडरावांना पहिल्यांदा भीती वाटली.

आता प्रश्न असा की जायचं कशाने? एसटीत बसल्या की आर्णी यायच्या आत मथुराबाईंना तीनदा खिडकी लागायची. एकदा रेल्वेने निघाल्या तर अर्ध्या तासात समोरच्या दोन बाकांवरच्या लोकांनी आपण होऊन जागा सोडल्या. मुलगा धम्मरत्न फोनवर म्हणाला, "बाबा, विमानानं जा. मी तिकीट काढतो."

"अन् तुह्या आईले उलटी झाली तं?"

"थैली देतात बाबा तिथं."

"थैली देते म्हंजे त्याईले मालूमच हाय ना काय होणार थे!"

मथुराबाईंना काही होत नसे ते एकाच वाहनावर. उकंडरावांच्या मागे लुनावर बसल्या, वारं तोंडाला लागलं, की उलटी तर सोडाच, त्यांना भूक लागायची. पण लुना कन्याकुमारीला गेली असती तर परत यायला आणखी एक रिटायरमेंट लागली असती. म्हणून मोटारसायकल. गिअरची गाडी उकंडरावांना नवी नव्हती. जिनिंगची मोटारसायकल त्यांनी पंधरा वर्षं खेडोपाडी फिरवली होती. नवी कोरी घेऊन टाका, असं धम्मरत्नने सुचवून पाहिलं.

"नवी गाडी म्हंजे बोंड," उकंडराव म्हणाले. "फुटल्याशिवाय आत काय हाय कोणाले दिसते? मले चाललेली गाडी पाहिजे. तिचं खरंखोटं बाहेर आलेलं राह्यते."

आणि खरंखोटं ओळखायला त्यांच्याकडे हात होता.

नोव्हेंबरात त्यांनी सुरुवात केली. सोबतीला रामलाल मिस्त्री, बसस्टँडमागच्या गॅरेजवाला. रामलालला वाटलं होतं की पारखायचं काम आपलं. पहिल्याच गाडीजवळ उकंडरावांनी बाही वर सारली आणि रामलालच्या लक्षात आलं की आपल्याला नुसतं वाट दाखवायला आणलंय. टाकी, आरसे, चकाकणारं सायलेन्सर, यांच्याकडे उकंडराव पाहतच नसत. तो वरचा थर. ते खाली बसायचे, इंजिनाखाली हात घालायचे, बोटांवर आलेलं तेल अंगठ्याने चोळायचे, हुंगायचे. मालक बोलत राहायचा. ते ऐकत नसत.

पुसदला एकजण म्हणाला, "मीटर पाहा साहेब, अठरा हजार फक्त. मास्तरची गाडी. शाळा ते घर, घर ते शाळा."

उकंडरावांनी ब्रेकच्या पायपट्टीवरून बोट फिरवलं. रबर झिजून खालचं लोखंड चकचकत होतं.

"शाळा लय उतारावर दिसते मास्तरची," ते म्हणाले आणि उठले.

उमरखेडला मालकाने शपथेवर सांगितलं की सकाळपासून गाडीला हात लावलेला नाही. थंडीत न कुरकुरता सुरू होते, एका किकमध्ये, पाहाच तुम्ही. उकंडरावांनी किक मारायच्या आधी इंजिनावर तळवा ठेवला आणि झटक्यात उचलला.

"बिचारीले ताप हाय. आधी औषध द्या, मंग इका."

असं करता करता डिसेंबर संपला आणि अकरा गाड्या नापास झाल्या. बाराव्या गाडीला जायच्या दिवशी रामलाल सकाळीच घरी आला आणि उकंडराव आंघोळीला गेलेले पाहून मथुराबाईंजवळ त्याने मन मोकळं केलं.

"वहिनी, या अकरापैकी पाच गाड्या सोन्यासारख्या व्हत्या. मी मिस्त्री हाव, मले कळते."

"मंग कायले नाही म्हतलं त्याईनं?"

"चहा पाजला म्हणून."

मथुराबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण तसंच होतं. चिठ्ठी लिहायच्या आधी ग्रेडरला चहाला बोलावणाऱ्या बंडीवाल्याच्या कापसात खाली काहीतरी असतंच, हा तीस वर्षांचा अनुभव. आर्णीच्या माणसाने गाडी दाखवायच्या आधी "बसा साहेब, घोटभर घ्या" म्हटलं आणि तिथेच त्याची गाडी पडली. कळंबच्या बाईने तर चहाबरोबर चिवडा आणला; तिच्या गाडीला उकंडरावांनी हातसुद्धा लावला नाही.

उकंडराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा मथुराबाई दारात उभ्या होत्या.

"काहो, साऱ्या जिल्ह्यात कोणाच्याही घरी गेलं तं चहा देते. दुश्मन आला तरी देते. न देणारा माणूस कुठून पैदा कराल?"

"भेटन तवा भेटन."

"पाच जानेवारी हाय आज."

उकंडराव शर्ट शोधायला आत गेले. आणि त्याच दिवशी तो माणूस भेटला.

पुसद रस्त्याला आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथला खेमसिंग राठोड मिलिटरीत ड्रायव्हर होता. नव्वद साली पेन्शनीत आला, शेती करू लागला आणि येताना घेतलेली बुलेट सोळा वर्षं लेकीसारखी सांभाळली. आता उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, किक बसेना. विकायचीय म्हणतो, असं रामलालने ऐकलं होतं. उकंडराव मथुराबाईंना लुनावर घेऊन गेले. खेमसिंग अंगणात बाजेवर बसला होता. उठला नाही. चहा नाही, पाणी नाही, बसा नाही. उकंडरावांच्या मनात आशा उगवली.

"जय भीम, ग्रेडर साहेब," खेमसिंग म्हणाला.

"जय भीम. गाडी हाय म्हणते तुमच्याकडं."

"हाय. तुमाले नाही देत."

मालकाला कारण विचारायची उकंडरावांना सवयच नव्हती. मथुराबाईंनी विचारलं, "काहून बाप्पा?"

"छ्याण्णवचा डिसेंबर, बाई. पहिल्या वेच्याचा कापूस, घरात वाळवून, निवडून नेलता. यायनं हात घातला अन् लिवलं ओला. माह्या बायकोनं, बिजलीनं, एकेक पत्ती हातानं काढलती."

"ओला व्हता," उकंडराव म्हणाले. त्यांना ती बंडी आठवत नव्हती. पण त्यांनी ओला लिहिलं म्हणजे ओला होता.

"व्हता ना! मी कुठं नाही म्हणतो?" खेमसिंगचा आवाज चढला. "पण घरून निघाला तवा सुका व्हता. तुमच्या फाटकासमोर तीन दिवस लाइनीत उभा व्हतो मी. तीन रातीचं दव पिलं त्यानं. थो मी ओला केला का तुमच्या लाइनीनं? अन् चिठ्ठी फाडली माह्या नावानं."

त्याने पायाशी आलेली कोंबडी काठीने हाकलली. मग म्हणाला, "गाडी पाहाचीच असन तं लाइनीत लागा. तीन दिवस सकाळी फाटकासमोर उभे राहा. चौथ्या दिवशी उघडन."

परतताना मथुराबाई मागे वळून वळून तांड्याकडे पाहत होत्या. घर जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "खरं बोलला काय थो?"

"हाताले ओला लागला म्हंजे ओला."

"मी हाताचं नाही इचारून राह्यली."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी डबा बांधला, मफलर पुढे केला. "चला. लाइन लागली असन."

"मी नाही येत. तीस वर्षं फाटकाच्या आत उभा राह्यलो मी."

"म्हणूनच म्हणते, चला."

उकंडराव गेले. खेमसिंगच्या कुडाच्या फाटकासमोर ते उभे राहिले आणि घटकाभरात अर्धा तांडा गोळा झाला. या लोकांनी आयुष्यभर त्यांच्यासमोर उभं राहून वाट पाहिली होती; आता त्यांना वाट पाहताना पाहायचं सुख कोण सोडतो?

"साहेब, नंबर कितवा?"

"टोकन घेतलं काय साहेब? बिना टोकनचं आत नाही घेत!"

"थंडीत लय उभे राहू नका, भिजान तं ग्रेड जाईन!"

उकंडराव पुढे पाहत उभे राहिले. आत खेमसिंग बाजेवर बसून पेपर वाचत होता आणि मधूनमधून "आज साहेब सुटीवर हाय" असं मोठ्याने सांगत होता. ऊन वर आलं की दोघं घरी जायचे. दुसऱ्या दिवशी खेमसिंगच्या बायकोने, बिजलीबाईने, मथुराबाईंना हाताला धरून आत नेलं आणि चहा दिला. "साहेबाले नाही," ती म्हणाली. "त्याईचा नियम हाय म्हणते." तांडा हसला. मथुराबाईही हसल्या. उकंडरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते थंडीनेही असू शकेल.

तिसऱ्या दिवशी दव जोरात पडलं होतं. बाभळी टपटपत होत्या, समोरच्या वळचणीतून थेंब गळत होते. तासाभराने उकंडरावांनी मफलर काढला आणि नकळत, हाताच्या सवयीने, मुठीत दाबला. सोडला. तो फुलून वर आला नाही. तळहातावर तसाच गोळा होऊन बसला. घरून निघताना तो चुलीजवळ वाळवलेला होता.

त्यांनी तो पुन्हा एकदा दाबून पाहिला. मग घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी ते ऊन वर आल्यावरही बराच वेळ तिथेच उभे राहिले. मथुराबाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा निघाले.

चौथ्या दिवशी रामलालही सोबत आला आणि खेमसिंगने फाटक उघडलं. बुलेट पडवीत उभी होती, काळी, टाकीवर जुना ओरखडा, तो लपवायला रंगाचा ठिपकासुद्धा मारलेला नाही. उकंडरावांनी बाही वर सारली. इंजिन गार होतं. खाली हात घातला, तेल बोटांवर घेतलं, स्वच्छ, मधासारखं. चाकाची प्रत्येक तार त्यांनी रुपयाच्या नाण्याने वाजवली आणि प्रत्येक तार एका सुरात बोलली. स्पार्क प्लग काढला, उजेडात धरला. भाजलेल्या बिस्किटाचा रंग. रामलाल शपथेवर सांगतो की त्या क्षणी साहेब तो प्लग दाताखाली धरणार होते, पण थांबले. मागच्या सीटचं पायदान झिजलेलं होतं. सोळा वर्षं बिजलीबाई तिथे पाय ठेवून बसली होती. मथुराबाई त्या सीटवर चढून बसल्या, हलून पाहिलं आणि मान डोलावली.

तांडा जवळ सरकला.

"बोला साहेब," खेमसिंग म्हणाला. "कोणता ग्रेड?"

"पहिला."

"लिवून द्या."

उकंडरावांनी खिशातली डायरी काढली, पान फाडलं, लिहिलं, सही केली. मागून टाळ्या पडल्या. खेमसिंगने कागद घेतला, पण चावी काही काढली नाही.

"आता माह्या कापसाचा बोला."

रामलालने जमिनीकडे पाहिलं. लिहिलेला ग्रेड फिरत नाही हे त्याला माहीत होतं, तांड्याला माहीत होतं, दोन तालुक्यांना माहीत होतं. मथुराबाई सीटवरून उतरल्या नाहीत. पण काही बोलल्याही नाहीत. बोलल्या असत्या तर ते त्यांच्यासाठी केल्यासारखं झालं असतं.

उकंडरावांनी मान वर केली आणि मालाच्या मालकाच्या तोंडाकडे पाहिलं. दाढीचे पांढरे खुंट, डाव्या गालावर व्रण, आणि डोळे दहा वर्षं थांबल्यासारखे.

"लाइनीच्या टोकनवर तारीख राह्यत व्हती," ते हळू म्हणाले. "बंडी कोण्या दिवशी लागली थे लिवलेलं राह्यत व्हतं. तीस वर्षं टोकन माह्या टेबलावर येत गेलं. मी कधी पाह्यलं नाही. हातच पाहत राह्यलो." ते थांबले. "पाहाले पाहिजे व्हतं."

त्यांनी दुसरं पान फाडलं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, खेमसिंग राठोड, हंगाम १९९६, कापूस सुका, ग्रेड पहिला. खाली पूर्ण नावाची सही. तारीख मात्र आजची टाकली, कारण खोटी तारीख त्यांना जमली नसती.

"अन् फरक? फरकाचे पैसे मांग ना भौ!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"गप रे," खेमसिंग म्हणाला. "पैशाची गोष्ट कोण करून राह्यलं इथं?" त्याने कागद दोनदा वाचला. मग बिजलीबाईला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो हातात धरून पाहिला आणि त्यांच्या गोरबोलीत नवऱ्याला काहीतरी चार शब्द सांगितले.

"चहा ठेव," तो म्हणाला. "साहेबाले पण."

चिठ्ठी लिहून झालेली असल्यामुळे नियम मोडत नव्हता. उकंडरावांनी दोन कप घेतले.

पैसे मोजले, चावी मिळाली, मग धडा सुरू झाला. उकंडरावांनी जोशात किक मारली आणि बुलेटने त्यांना उलट धक्का देऊन बाजेवर बसवलं. तांड्याने या दिवसाचा आणखी एक आनंद लुटला. "लाथ नका मारू साहेब," खेमसिंग काठी टेकत पुढे आला. "आधी करंटच्या मीटरचा काटा मंधात आणा. हां. आता सारं वजन टाका, राग नका टाकू." चौथ्या प्रयत्नात गाडी बोलली. तो आवाज असा काही घुमला की झाडावरचे बगळे उठले आणि मथुराबाई पदर खोचून मागे चढल्या, त्या थेट दिग्रसच्या चौकापर्यंत उतरल्या नाहीत.

अठरा जानेवारीला ते निघाले. मागे दोन थैल्या, ताडपत्री, धम्मरत्नने पाठवलेला नकाशा. चौकात चहाच्या टपरीवर सदाशिवराव देशमुख बसले होते. चाळीस एकरांचे मालक, कापसाची बंडी लाइनीत लावून आलेले.

"वा, ग्रेडर साहेब! जिल्ह्यात काय चाललं, अन् तुमी निघाले फिराले!"

उकंडरावांचा हात ब्रेककडे गेला. हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारलेला होता. पण मागून मथुराबाईंचा आवाज आला.

"भाऊजी, आमी घरी बसलो तं भाव वाढते काय? वाढत असन तं सांगा. आत्ता उतरतो."

टपरी हसली. सदाशिवरावही हसले, उठले, आणि बंडीतून हिरव्या तुरीच्या शेंगांची पिशवी आणून मथुराबाईंच्या मांडीवर ठेवली. "रस्त्यानं खा वहिनी. अन् आमच्या वाट्याचंबी पाहून या."

माहूरचा घाट त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये चढला. आदिलाबादला पोचेपर्यंत शेंगा संपल्या होत्या. निर्मलला मथुराबाईंनी दोन थाळ्या जेवण केलं, कर्नूलला उपमा, त्यावर डोसा, आणि उकंडरावांच्या ताटातला अर्धा. कुठेही खिडकी लागली नाही; खिडकीच नव्हती. वारं तोंडावर घेत त्या दिवसाला दोनशे किलोमीटर बोलत होत्या. चौतीस वर्षं हंगामामुळे सांगायचं राहिलेलं सगळं त्यांनी आंध्रात सांगून संपवलं आणि कर्नाटकात नवं सुरू केलं.

अनंतपूरच्या अलीकडे पेट्रोल पंपावर एका माणसाने गाडीचा नंबर वाचला आणि चेहरा पाडला. "यवतमाल?" तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "टीवी में देखा. बहुत दुख है उधर."

उकंडरावांनी मान डोलावली. दुःख होतं, ते काही खोटं नव्हतं.

"है ना," मथुराबाई म्हणाल्या, आणि पदराने तोंडावरची धूळ पुसून ताठ बसल्या. "टीवी में वो देखा. अब ये भी देख लो. हम भी उधर के हैं."

माणूस पाहत राहिला. मग त्याने हसून टाकीवर थाप मारली आणि पंपवाल्याला सांगून दोघांना थंडगार ताक पाजलं. उकंडरावांनी ते एका दमात प्यायलं.

सेलमजवळ पंक्चर झालं, मदुराईला क्लचची तार तुटली. दोन्ही वेळा उकंडरावांनी रस्त्याकडेला बसून स्वतः बसवलं. नवव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, डांबरी रस्ता दुकानांच्या गर्दीतून खाली उतरला आणि संपला. पुढे सगळं पाणी. उकंडरावांनी गाडी स्टँडला लावली. इंजिन बंद केलं.

मथुराबाई चपला हातात घेऊन पाण्यात गेल्या, गुडघ्यापर्यंत. एक लाट आली, लुगडं कमरेपर्यंत भिजलं, त्या ओरडल्या, हसल्या आणि दुसऱ्या लाटेसाठी तिथेच उभ्या राहिल्या. मग डावीकडे पाहिलं, समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. पुरं झाल्यावर बाहेर येऊन त्यांनी लुगड्याचा काठ पिळला, भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेतली आणि गाडीला टेकून खाऊ लागल्या.

"इथून पुढं रस्ता नाही काय हो?"

"नाही. पाणीच हाय."

"मंग वळवा." त्यांनी दोन दाणे त्यांच्या हातावर ठेवले. "पण आल्या रस्त्यानं नाही. थो पाहून झाला."

उकंडरावांनी नकाशा काढून टाकीवर पसरला. वाऱ्याने त्याची टोकं उडत होती. मथुराबाईंनी एका टोकावर पुडी ठेवली, दुसऱ्यावर चप्पल. मग शेंगदाण्याचं टरफल चिकटलेलं बोट त्यांनी डाव्या बाजूच्या किनाऱ्यावर ठेवलं आणि समुद्राच्या कडेकडेने सावकाश वर नेलं, केरळ, मंगळूर, गोवा.

"असं," त्या म्हणाल्या. "मार्चले महिना हाय अजून."